ज्यांची लाज वाटली ते आता नाहीत. ही लाज प्रभूजवळ कशी ठेवायची?

मागचा_बाक

सर्वांना सलाम.

बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय. आज लिहायला बसलो, कारण हे एकट्याने वागवणं आता जमत नाही.

माझे बाबा रंगारी होते. लोकांची घरं रंगवायचे. संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्याने हात पुसायचे, तरी नखांच्या कडांना रंग राहायचाच. सध्या कुठल्या रंगाचं काम चाललंय ते आम्हा भावंडांना त्यावरून कळायचं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, परीक्षेच्याच दिवशी, माझा चष्मा घरी राहिला. बाबा हातातलं काम टाकून तो द्यायला आले. अंगात कामाचाच शर्ट. भुवयांवर, पापण्यांवर लांबी घासल्याची पांढरी भुकटी. मी नव्या मित्रांबरोबर फाटकाशी उभा होतो. एकाने विचारलं, "कोण रे हे?" मी म्हणालो, "घरी रंगकाम चालू आहे ना, तिथले आहेत."

बाबा दोन पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. चष्म्याची डबी पुढे केली आणि म्हणाले, "तुमचा चष्मा राहिला होता."

तुमचा. आयुष्यात त्या एकदाच ते माझ्याशी अहो-जाहो बोलले. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

घरी हा विषय कधीच निघाला नाही. नऊ वर्षांनी ते गेले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात रोज रात्री मीच त्यांच्याजवळ असायचो. रोज ठरवायचो, आज बोलायचं. नाही बोललो.

देवाजवळ हे पाप कबूल केलंय. अनेकदा, रडून केलंय. क्षमा झाली यावर माझा विश्वास आहे, १ योहान १:९ तोंडपाठ आहे. तरी प्रभुभोजनाला भाकर हातात आली की मान वर होत नाही. कुणी "वडील काय करायचे?" असं विचारलं की पोटात गोळा येतो आणि मी "कंत्राटं घ्यायचे" असं काहीतरी पुटपुटतो. म्हणजे ते गेल्यावरही माझं नाकारणं चालूच आहे.

क्षमा मिळाली आहे, मग लाज का जात नाही? कुणाची गेली आहे का? कशी?

विजयी_जीवन

भाऊ, क्षमा झाली म्हणता ना? मग विषय संपला. फिलिप्पैकरांस पत्र ३:१३ वाचा, पौल मागच्या गोष्टी विसरून पुढे धावतो. लाज वाटत राहणं हे सैतानाचं काम. त्याला प्रभूच्या नावाने धमकावा आणि चालू लागा. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

रिबेकाची_घागर

विजयीदादा, तुमची कळकळ पोचते, पण त्या एका वचनावर एवढा भार टाकू नका. त्याच अध्यायात पौलाने मागे काय टाकलंय ते आधी बघा. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष. बहुतेक सगळ्या मिरवण्यासारख्याच गोष्टी. स्वतःचं पाप तर तो विसरलेला दिसतच नाही. १ तीमथ्याच्या पहिल्या अध्यायात तो स्वतःला निंदक म्हणतो, छळ करणारा म्हणतो, आणि पाप्यांमध्ये मी मुख्य आहे म्हणतो. 'होतो' नाही, 'आहे'. आणि हे सगळं तो तोंड वर करून लिहितो, पुढे वाचणाऱ्यांना धीर यावा म्हणून.

मागचा_बाक दादा, 'विसरा' हा सल्ला मीही वर्षानुवर्षं ऐकला. माझ्या बाबतीत विसरायचा प्रयत्न म्हणजे रोज जाऊन ती गोष्ट अजून तिथेच आहे का ते बघून येणं, एवढंच झालं. तुमचा विश्वास कमी पडतोय असं मला वाटत नाही. औषध बरोबर आहे, फक्त ते ज्या दुखण्यावर लावायचं ते दुखणं वेगळं असावं.

सेवानिवृत्त_पाळक

लेका, तुझा मजकूर दोनदा वाचला. सावकाश लिहितो, टंकायला वेळ लागतो.

आपल्या मराठीत लाजेबद्दल आपण काय काय म्हणतो ते आठव. तोंड लपवणं. तोंड दाखवायला जागा न उरणं. चेहरा पडणं. मान खाली जाणं. डोळ्याला डोळा न भिडवणं. काळं तोंड. सगळं चेहऱ्याभोवती. अपराधाबद्दल बोलताना शब्द निराळे येतात: ओझं, डाग, कर्ज. ओझं उतरवता येतं, डाग धुता येतो, कर्ज फेडता येतं किंवा माफ होतं. लपवलेल्या तोंडाचं काय करायचं? कर्ज माफ झाल्याचा कागद हातात दिला म्हणून ते वर येत नाही. त्याला समोर दुसरं तोंड लागतं, आणि ते फिरवून घेतलेलं चालत नाही. तुझं कर्ज माफ झालंय, यात शंका नको. तोंड अजून झाडांमागेच आहे.

झाडं म्हणालो ते उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातली. माणूस भ्याला आणि लपला. "हे तू काय केलेस" हा प्रश्न पुढे येतो, पण देवाचा पहिला प्रश्न तो नाही. पहिला प्रश्न आहे "तू कोठे आहेस?" देवाला ठिकाण ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? माणसाने झाडांआडून बाहेर येऊन समोर उभं राहावं म्हणून ती हाक. आणि बागेतून बाहेर काढण्याआधी २१व्या वचनात काय आहे? त्यांनी शिवलेली अंजिराची पानं टिकणारी नव्हती. परमेश्वराने स्वतः चामड्याची वस्त्रं करून त्यांना घातली. परिणाम टळले नाहीत, पण उघडं करून हाकललं नाही.

आता वधस्तंभाकडे ये. आपण त्याच्या वेदनांवर पुष्कळ बोलतो, मीही चाळीस वर्षं उपदेशातून बोललो. लाजेवर कमी बोललो, ते माझं चुकलं. रोमी राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होती, आणि ती उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दिली जायची, माणसाची शोभा व्हावी म्हणूनच. शिपायांनी त्याचे कपडे काढून वाटून घेतले, अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या. इब्री लोकांस पत्राच्या १२:२ मध्ये शब्द आहेत, त्याने लज्जा तुच्छ मानून वधस्तंभ सहन केला. त्याला लाज वाटलीच नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. तिला शेवटचा शब्द बोलू दिला नाही. आणि यशया ५०:६ मधला सेवक म्हणतो, अपमान आणि थुंकणं यांपासून मी आपलं तोंड लपवलं नाही. आपण जे करतो नेमकं ते त्याने केलं नाही.

एक छोटी गोष्ट सुचवतो. उपासना सुटताना अहरोनाचा आशीर्वाद होतो ना, गणना सहावा अध्याय? "परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो." मी तो हजारो वेळा उच्चारला आणि समोर कायम झुकलेल्या माना पाहिल्या. रीत आहे, वाईट नाही. निवृत्त होऊन बाकावर बसायला लागल्यावर मी मात्र डोळे उघडे ठेवून, मान वर करून तो घ्यायला लागलो. पहिल्या वेळी फार अवघड गेलं. येत्या रविवारी करून बघ.

मोकळी_हवा

मी ख्रिस्ती नाही, या विभागात वाचत वाचत आलो. धागाकर्त्याचं लिखाण आत गेलं. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही, राग नसावा. अपमान झाला बाबांचा. क्षमा दिली देवाने. ज्याचं दुखलं त्याला मध्ये कुणी विचारलंच नाही. हे बरोबर कसं?

उंबराच्या_झाडावर

राग कसला, हा प्रश्न आमच्यातच जास्त विचारला गेला पाहिजे.

प्रभूची शिकवण मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे. वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. म्हणजे देव स्वतः म्हणतो, मी थांबतो, तू आधी त्याच्याकडे जा. येशूला बघायला उंबरावर चढलेला जकातदार जक्कय, ज्याच्यावरून मी माझं टोपणनाव घेतलं, त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देतो म्हटलं, ते येशू त्याच्या घरी आल्यावर. देवाची क्षमा म्हणजे माणसाला वळसा घालून जायची आडवाट आहे असं आमचं शास्त्र म्हणत नाही. आम्ही तिची आडवाट करतो ते पाप आमचं.

आता ज्याच्याकडे जायचं तोच उरला नसेल तर? पुनरुत्थान मानणारा माणूस एवढं म्हणू शकतो की ती भेट रद्द झालेली नाही, लांबली आहे. याहून जास्त बोलायला माझी जीभ धजत नाही.

मागचा_बाक

मोकळी_हवा, तुमचं बोट बरोबर दुखऱ्या जागी पडलं. मी क्षमा मागायला नेहमी वर बघितलं, कारण शेजारच्या खाटेकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

पाळकसाहेब, आभार. अजून एक सांगायचं राहिलं होतं. मंडळीत मी खूप काम करतो. खुर्च्या लावणं, हॉल झाडणं, आजाऱ्यांना भेटणं, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात नेणं. सगळे म्हणतात किती सेवाभाव! मला ते ऐकवत नाही. ही सेवा नाही, हप्ते आहेत. कुणाला कळलं तर काय म्हणतील, याची भीती जसजशी वाढते तसतसं काम वाढतं.

उंबराच्या_झाडावर

लूक १५ मधला, बापाकडून घेतलेला वाटा उधळून बसलेला धाकटा मुलगा दूर देशात बसून बापासमोर बोलायचं भाषण पाठ करतो. तीन वाक्यं. मी पाप केलं. तुमचा मुलगा म्हणायला मी योग्य नाही. मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. (१८-१९ वचनं.) आता २१वं वचन बघा. बापाच्या मिठीत तो पहिली दोन वाक्यं बोलतो. तिसरं तोंडातून निघतच नाही. बाप तोवर चाकरांना झगा, अंगठी, वहाणा आणायला सांगत असतो.

दादा, तुम्ही ते तिसरं वाक्य रोज खुर्च्या लावताना पूर्ण करताय. खुर्च्या लावा, त्या लावायला माणूस लागतोच. पण मोलकरी म्हणून नको.

लॉरा_एम

मी कॅथलिक आहे, आमच्यात पापनिवेदन संस्कार आहे, त्यामुळे थोडा वेगळा अनुभव.

माझंही असंच एक जुनं पाप होतं. तेच तेच घेऊन मी पापनिवेदनाला जायची, कधी या फादरांकडे, कधी त्या. एकदा एका वयस्क धर्मगुरूंनी मध्येच विचारलं, "बाळ, हे याआधी सांगितलं होतंस का?" म्हटलं, हो, पाच-सहा वेळा. ते म्हणाले, "मग त्याची क्षमा पहिल्याच वेळी झाली. आज तू क्षमेसाठी आली नाहीस. कशासाठी आलीस?"

मला उत्तर आलं नाही. गुडघे दुखेपर्यंत तिथेच राहिले. मग आपोआप तोंडातून निघालं, "मी अशी आहे हे कळूनही कुणीतरी माझ्याशी नीट बोलावं म्हणून." ते म्हणाले, "मी बोलतोय ना."

संस्काराच्या मोहराखाली ऐकलेलं याजकाने कधीही कुणाला सांगायचं नाही, हा आमच्यात अतिशय कडक नियम आहे. त्याचा मला आधार होताच. पण त्या दिवशी जे सुटलं ते त्यांच्या आवाजामुळे सुटलं. माझं ऐकून घेतल्यावरही तो आवाज आधीसारखाच होता.

अबोल

इथे लिहू की नको ते कळत नाही.

सगळे 'कबूल करा' म्हणताहेत. माझी लाज माझ्या पापाची नाही. मी लहान होते. दुसऱ्याने केलं. घरच्याच एका माणसाने. सांगितलं तेव्हा मला गप्प बसवलं. मंडळीत कबुलीची प्रार्थना चालू झाली की मला अजूनही वाटतं माझ्याबद्दलच बोलताहेत. मी कशाची कबुली देऊ?

सेवानिवृत्त_पाळक

अबोल, मुली, कशाचीही नाही. हे आधी लिहितो, बाकीचं नंतर.

२ शमुवेल १३ मध्ये तामार आहे. तिच्या सावत्र भावाने, अम्नोनाने, तिच्यावर बळजबरी केली. त्याआधी ती त्याला विनवते आणि विचारते, मी माझी लाज घेऊन कुठे जाऊ? तिचं वाक्य शास्त्राने गाळलं नाही. नंतर तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. त्यांचा बाप दावीद राजा रागावतो, आणि काही करत नाही. ती अबशालोमाच्या घरी उदास पडून राहते. ज्या घरात न्याय व्हायला हवा होता त्या घराने तिला गप्प केलं. पुढे त्या घराचं काय झालं ते सगळं शमुवेलात लिहिलेलं आहे.

तुला ज्यांनी गप्प बसवलं ते अबशालोमाचे शब्द बोलले, प्रभूचे नाही. ही लाज करणाऱ्याची आहे. ती तुझ्या अंगावर टाकली गेली. तुझ्या बाबतीत क्षमा मागायला कुणी यायचं असेल तर तो दुसरा माणूस, आणि त्याला क्षमा करण्याची घाई तुला कुणी लावली तर ऐकू नकोस. मंडळीच्या नावाने लावली तरीही.

मार्काच्या पाचव्या अध्यायातल्या रक्तस्रावाच्या बाईकडे एकदा बघ. तिनेही पाप केलेलं नव्हतं. बारा वर्षं आजारी, नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध, म्हणून गर्दीत मागून येऊन कपड्याला हात लावते. बरी होते. तिथेच गोष्ट संपू शकली असती. पण येशू थांबतो, सगळं खरं सांगायला तिला वेळ देतो, तिची दटावणी करत नाही, आणि सर्वांसमोर तिला "मुली" म्हणतो. शुभवर्तमानात तो कुठल्याही दुसऱ्या बाईला अशी हाक मारताना दिसत नाही.

तुझं ऐकून घेईल अशी एक तरी विश्वासू बाई शोध. याचं शिक्षण घेतलेल्या समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास डळमळणं नव्हे. इथे सगळं लिहायची गरज नाही.

अबोल

मी हे जपून ठेवते.

पहाटेचं_जाळं

मी त्या 'तुमचा'वर अडकले आहे, दोन दिवस झाले.

पेत्राबद्दल लिहिते. येशूला धरून नेलं त्या रात्री या शिष्याने विस्तवाशी उभं राहून आपण त्याचे असल्याचं नाकारलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. योहान १८:१८ मध्ये तो कोळशाचा विस्तव आहे. मूळ ग्रीकमधला तो शब्द अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरं ठिकाण योहान २१:९. पुनरुत्थानानंतर शिष्य रात्रभर जाळं टाकून किनाऱ्याला येतात तेव्हा येशूने विस्तव पेटवून ठेवलेला असतो, कोळशाचा. म्हणजे पेत्राच्या नाकात तोच धूर. येशूने त्याला त्या रात्रीपासून लांब नेलं नाही, तिच्याच समोर आणून बसवलं. आणि आधी खायला दिलं. मग विचारलं.

"का नाकारलंस?" हे विचारलंच नाही. तीन वेळा एकच, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा पेत्राला दुःख झालं असं लिहिलंय, म्हणजे हे सुखाचं नव्हतंच. दर उत्तरानंतर त्याच्या हाती मेंढरं सोपवली.

आणि दादा, आता तुमच्यासाठी. तिन्ही वेळा येशू त्याला काय म्हणून हाक मारतो? "योहानाच्या पुत्रा शिमोना." बापाचं नाव घेऊन. पेत्र, म्हणजे खडक, हे नाव तिथे त्याच्या तोंडी नाही, यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला मात्र तुमचं वाचल्यापासून ती हाक वेगळी ऐकू येते. ज्या बापाचं नाव घ्यायला तुमचं तोंड उघडत नाही, त्याचं नाव लावूनच प्रभू तुम्हाला हाक मारतोय. इब्री २:११ म्हणतं की त्यांना बंधू म्हणायला त्याला लाज वाटत नाही. रंगाऱ्याच्या पोराला भाऊ म्हणायला त्याला लाज वाटत नाही.

थोडं कठीणही लिहिते. येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. मत्तय २७ मध्ये त्याने तीस नाणी परत नेली, मी निर्दोष रक्त धरून दिलं असं कबूलही केलं. पण ज्यांना सांगितलं ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. पेत्र मात्र बाकीच्यांना धरून राहिला. तो मासे धरायला निघाला तर ते म्हणाले, आम्हीही येतो. कुणाला सांगतो याने माणूस जगतो किंवा मरतो. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात जीव संपवायचे विचार येत असतील तर आजच्या आज एका माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा, रात्र एकट्याने काढू नका.

रिबेकाची_घागर

पहाट, यापुढे माझ्याकडे फार काही नाही. दादा, आई आहेत का तुमच्या? त्यांना सांगता येईल?

विजयी_जीवन

मला हे पटत नाही. आईला आता या वयात कशाला दुखवायचं? आपलं मन हलकं करायला दुसऱ्याच्या छातीवर दगड ठेवायचा?

वर मी घाईने लिहिलं, तेही मान्य करतो. अबोलताई, 'सैतानाचं काम, विसरा' हे तुम्हीही वाचलं असेल. माफ करा.

सेवानिवृत्त_पाळक

विजयी, तुमचा मुद्दा धरूनच चालायला हवं. पुष्कळ कबुल्या म्हणजे नुसतं ओकणं असतं, मी अशी घरं मोडताना पाहिली आहेत. जिच्याकडे जायचं ती सोसू शकेल का, हे मुलाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण तीही त्या माणसाची बायको आहे. त्याच्याबद्दल बोलायला तिला कुणी नसेल, असंही असू शकतं. सांगायला जाताना एवढंच पाहा की तिच्याकडून "असू दे रे" वदवून घ्यायला जायचं नाही. ती गप्प राहिली तर गप्प राहू द्यायचं.

मागचा_बाक

तेरा दिवसांनी लिहितोय.

आईला सांगितलं. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी जमिनीवर बसलो, नाहीतर उठून गेलो असतो. सगळं सांगितलं, मित्र, फाटक, चष्मा, 'तुमचा'. ती घड्या घालतच राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

मग म्हणाली, "माहीत आहे मला."

त्या दिवशी बाबांनी घरी येऊन तिला सांगितलं होतं. एवढंच म्हणाले होते, "कपडे बदलून जायला हवं होतं मी. पोराची अडचण झाली." आणि दुसऱ्या दिवसापासून कामाच्या पिशवीत एक धुतलेला शर्ट ठेवायला लागले. निळ्या चौकटीचा. तो शर्ट मी नऊ वर्षं बघत होतो. पिशवीत सगळ्यात वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मला वाटायचं काम सुटल्यावर घालतात.

मी विचारलं, रागावले होते का? आई म्हणाली, "नाही. त्या रात्री जेवले नाहीत, एवढंच."

हे कळून बरं वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. आधीपेक्षा जास्त लागलं. माझी लाज त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि ती पिशवीत घालून रोज कामाला नेली होती. मी पुष्कळ रडलो. आई माझ्याकडे बघत होती. मी मधेमधे वर बघायचो तर ती बघतच असायची. मग बाबांच्या गोष्टी सांगायला लागली, लग्नाच्या आधीपासूनच्या, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. रात्रीचे दोन वाजले.

पाळकसाहेब, रविवारी आशीर्वादाच्या वेळी डोळे उघडे ठेवले. तुम्ही म्हणालात तसं अवघड गेलं. पाळकांचे वर झालेले हात दिसले आणि त्यांच्या मागची वेदीची भिंत. गेल्याच महिन्यात रंगवलेली. उजवीकडे, खिडकीच्या वर, आधीचा रंग डोकावत होता. इतकी वर्षं रंग दिसला की मी नजर काढून घ्यायचो. या वेळी शेवटच्या 'आमेन'पर्यंत बघत राहिलो.

बाहेर आल्यावर नव्याने येऊ लागलेलं एक कुटुंब भेटलं. नाव-गाव, नोकरी, बोलणं चालू झालं. त्या गृहस्थांनी विचारलं, "आणि वडील काय करायचे?"

पोटात गोळा आलाच.

"रंगारी होते," मी म्हणालो. "घरं रंगवायचे. आतली ती वेदीची भिंत बघितलीत ना? उजव्या कोपऱ्यात दुसरा हात नीट बसलेला नाही. बाबांनी ती तशी सोडली नसती."